चिलटं माझी, घोंगडीवाल्या कुणाच्या?

विजयाबाई ढमढेरे कधी हळू बोलल्या असं दर्पण कॉलनीत कुणी सांगितलं, तर खुशाल समजावं की तो माणूस कॉलनीत नवा आहे. सकाळी भाजीवाल्याशी त्यांची जी बोलणी चालतात, त्यावरून मागच्या गल्लीतल्या बायकांना घरबसल्या टोमॅटोचा भाव कळतो. उंची बेताची, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि आवाज थेट परेड मैदानावरचा. तो आवाज त्यांनी नवऱ्याकडून उचलला की नवऱ्यानं त्यांच्याकडून, याचा निकाल कान्होजी सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन पुढे वारले तरी लागला नव्हता.

सुभेदार गेल्यावर मुलगी हर्षिता त्यांना भोपाळला न्यायला आली होती. विजयाबाईंनी तिला पोटभर जेवायला घातलं, लोणच्याची बरणी बांधून दिली आणि आली तशी परत पाठवली. "तुझ्या फ्लॅटमध्ये ऊन कुठे येतं गं? माझा सिरका कुठे ठेवू, फ्रिजमध्ये?" एवढंच कारण त्यांनी दिलं. हर्षिता चिडली, पण तिच्या फ्लॅटमध्ये ऊन येत नव्हतं हे खरंच होतं.

सिरका म्हणजे व्हिनेगर, तोही जांभळाचा. उन्हाळ्याच्या शेवटी मुरारच्या बाजूनं हातगाड्यांवर जांभळं यायला लागली, की विजयाबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत जांभळे होत आणि ते गौरी-गणपतीपर्यंत पुरते निघत नसत. रस काढायचा, चिनी मातीच्या बरण्यांत भरायचा, तोंडाला मलमलीचं फडकं बांधायचं आणि मग महिनोन्महिने वाट बघायची. रस आधी फसफसतो, मग शांत होतो, मग आंबट व्हायला लागतो, आणि वर जाडसर, गुळगुळीत साय धरते. विजयाबाईंच्या सासूबाई त्या सायीला 'आई' म्हणत. जुन्या बरणीतल्या आईचा तुकडा नव्या रसात सोडला की सिरका हुकत नाही. सासूबाईंच्या हातची ती साय अशी दरवर्षी पुढच्या बरणीत जात राहिली होती. तिची अट एकच, बरणी हलवायची नाही. बरणी हलली की साय फाटते, बुडते, तळाशी जाऊन कुजते, आणि मग तो सिरका गटारात ओतण्याच्याच लायकीचा उरतो.

विजयाबाई ज्या घरात भाड्यानं राहत, ते दफ्तरदारांचं. खाली विजयाबाई आणि व्हरांड्यात त्यांच्या बरण्यांची रांग, वर घरमालक. मालक म्हणजे अंबरीश, बँकेत मॅनेजर, स्वभावानं इतका मऊ की हप्ता थकवणाऱ्यालासुद्धा आधी चहा विचारील. त्याची बायको तन्वी. आणि अंबरीशची आई शांताताई, ज्यांच्या शब्दाबाहेर त्या घरात पाण्याचा पंपही सुरू होत नसे. शांताताईंचं सोवळं कडक होतं. देवघरात त्या स्वतः सोडून कुणी पाऊल टाकत नसे, तन्वीसुद्धा उंबऱ्याबाहेरूनच फुलांची परडी आत सरकवायची. विजयाबाई इतकी वर्षं त्या घरात राहिल्या, पण त्यांनी दफ्तरदारांचे देव लांबूनच पाहिले होते. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. ताईंचा नियम सगळ्यांना सारखा होता आणि सारखा नियम विजयाबाईंना पसंत होता, फौजी घरातल्या त्या.

श्रावण संपता संपता घरात माश्या झाल्या.

त्यातली चिलटं दरवर्षीची होती. गव्हाळ अंग, तांबडे डोळे, सिरका आंबायला लागला की फडक्यावर घिरट्या घालणारी. विजयाबाई त्यांना लांबच्या नातेवाइकांसारखं वागवत, म्हणजे शिव्या देत पण येऊ नका म्हणत नसत. चिलटं आली याचा अर्थ रस नीट आंबतोय. ती आत शिरू नयेत म्हणून फडकं दुहेरी बांधलं की झालं.

या वर्षी मात्र दुसऱ्याही आल्या होत्या. काळपट राखाडी, तिळाएवढ्या, अंगभर लव. पंख उतरत्या छपरासारखे मिटून भिंतीवर बसायच्या आणि बसल्या की बसल्याच. उडवलं तर हातभर लांब जाऊन पुन्हा भिंतीलाच चिकटायच्या. चिरडली तर बोटाला पतंगाची लागते तशी पूड लागायची. पावसात घोंगडी पांघरून बसलेल्या धनगरासारख्या दिसतात म्हणून विजयाबाईंनी त्यांचं नाव घोंगडीवाल्या ठेवलं, आणि दोन दिवसांत अख्खी गल्ली त्यांना त्याच नावानं ओळखायला लागली. वरच्या मजल्यावर तर त्यांनी उच्छाद मांडला होता. जेवणघराच्या भिंतीवर, आरशावर, ताईंच्या पांढऱ्या उशीवर, जिकडे बघावं तिकडे घोंगडीवाली.

एरवी हे चाललंही असतं. पण गौरी-गणपती झाले की पितृपक्ष लागायच्या आत शांताताईंचं सहस्रचंद्रदर्शन होतं. ऐंशी ओलांडलेल्या माणसानं आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्या, म्हणून घरच्यांनी त्याला ओवाळायचं, असा तो समारंभ. अंबरीशनं सराफ्यात चांदीचा चंद्र करायला टाकला होता. पुण्याहून, इंदूरहून पाहुणे यायचे होते. आणि माश्या.

अंबरीश एका संध्याकाळी खाली आला आणि व्हरांड्यात उभा राहून बराच वेळ हवामानाबद्दल बोलला. सोबत आलेल्या तन्वीला ते सहन झालं नाही.

"काकू, प्लीज, बुरा मत मानना," ती म्हणाली. "पण पाहुण्यांच्या खिरीत मच्छर पडला ना, तर आईंना कसं वाटेल? इतने लोग आ रहे हैं."

"मच्छर नाही ते."

"तेच हो, माश्या. सगळ्या या बरण्यांमुळेच आहेत ना?"

"यातल्या निम्म्या माझ्या आहेत," विजयाबाई म्हणाल्या. "निम्म्या बिलकुल माझ्या नाहीत."

अंबरीशनं खाली बघत सांगून टाकलं. गावातच थाटीपूरला सरकारी क्वार्टरमध्ये विजयाबाईंचा भाचा विक्रमसिंह राहायचा, त्याच्याशी तो फोनवर बोलला होता. त्याच्याकडे मागे मोठी गॅलरी आहे. समारंभापुरत्या बरण्या तिकडे नेऊन ठेवायच्या, ठेल्याचं, म्हणजे हातगाडीचं, अंबरीश स्वतः बघेल, काकूंना त्रास काही नाही. इतकं समजूतदारपणे सांगितलं त्यानं, की भांडायलाही जागा ठेवली नाही. विजयाबाईंनी एकदा बरण्यांकडे पाहिलं. दर्पण कॉलनी ते थाटीपूर, ठेल्यावरून, आणि रस्ते पावसाळ्यातले. एकाही बरणीतली आई तिकडे जिवंत पोचली नसती.

"पाहुणे कधी येणार?"

"पुढच्या आठवड्यात."

"मग तोवर मला शोधू दे," त्या म्हणाल्या. "नाही सापडलं तर ठेला मी स्वतः बोलवीन."

दुसऱ्याच दिवशी विजयाबाईंनी दोन वाट्यांत जुना सिरका ओतला, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एकेक थेंब टाकला, एक वाटी खाली व्हरांड्यात ठेवली आणि एक वर दफ्तरदारांच्या जेवणघरात. सकाळी खालच्या वाटीत चिलटांचा थर तरंगत होता. वरच्या वाटीत पाच-सात चिलटं होती आणि घोंगडीवाली एकही नव्हती. तीच वाटी जिथे ठेवली होती, त्या भिंतीवर मात्र त्या मजेत बसून होत्या.

विजयाबाईंनी वाटी अंबरीशच्या नाकाखाली धरली. "बघ. यांचे डोळे तांबडे. या माझ्या, मी कबूल करते, हव्या तर लिहून देते. आता भिंतीवर बघ. सिरका हातभर अंतरावर आहे आणि यांची नजरसुद्धा वळत नाही. ज्यांना माझा सिरका नको, त्या माझ्या कशा होतील रे?"

"काकू, शेवटी माशी ती माशी," अंबरीश कळवळून म्हणाला. त्याला ऑफिसला उशीर होत होता.

बँकेच्या मॅनेजरला दोन खाती वेगळी कळू नयेत याचं विजयाबाईंना नवल वाटलं. पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही आणि कामाला लागल्या. ज्याला आंबट नको, त्याला दुसरं काहीतरी हवं असणार. त्यांनी आपल्या मोरीची जाळी उचकटून पाहिली, तर आत काळा बुळबुळीत थर. तेच असणार! मग त्या आधण पाणी, सोडा आणि तारेचा ब्रश घेऊन घरातल्या मोऱ्यांवर तुटून पडल्या. आपली मोरी झाली, न्हाणीघर झालं, मग वरच्या दोन्ही बाथरूमा झाल्या. वयानं सत्तरीकडे झुकलेली बाई आपल्या संडासाची जाळी घासतेय हे बघून तन्वी शरमेनं अर्धी झाली आणि "काकू, राहू दे ना, मी बाईला सांगते" म्हणत मागे मागे फिरली. विजयाबाईंनी तिलाच बादली धरायला लावली.

चार दिवसांनी मोऱ्या आरशासारख्या झाल्या आणि घोंगडीवाल्या तेवढ्याच राहिल्या.

तरी त्यांनी हार मानली नाही. प्रत्येक जाळीवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडेनं चिकटपट्टी लावली. आत माशी निपजत असेल तर सकाळपर्यंत प्लॅस्टिकला खालून चिकटलेली दिसणारच. सकाळी सगळी प्लॅस्टिकं स्वच्छ होती. इतकं सगळं सरळ चाललं होतं आणि इथे माशी शिंकली.

त्या दिवशी विजयाबाई पहिल्यांदा घाबरल्या. बरण्यांसमोर पाट टाकून बसल्या, एकेक फडकं सोडून टॉर्च मारून आत पाहिलं, वास घेतला. आई प्रत्येक बरणीत गुळगुळीत, अखंड होती. कुठे लव नाही, कुठे अळी नाही. पण मग त्या येतात कुठून? कुणास ठाऊक, आपल्याच असतील आणि आपल्यालाच दिसत नसतील, असं त्यांच्या मनात आलं. सासूबाई असत्या तर त्यांनी एका नजरेत सांगितलं असतं. विजयाबाईंना सासूची इतकी आठवण तिच्या श्राद्धालाही आली नव्हती.

शोध लागला तो शोधणं थांबल्यावर. सकाळी त्या मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालायला गेल्या, सवयीनं हात जोडले आणि डोळे उघडले, तर समोर नळीच्या तोंडातून एक घोंगडीवाली चालत बाहेर येत होती. तिनं पंख झटकले आणि वरच्या खिडकीकडे उडाली. तिच्यामागून दुसरी आली.

ही नळी म्हणजे साधी नळी नव्हती. देवाच्या अभिषेकाचं पाणी गटारात सोडायचं नाही, ते कुणाच्या पायाखाली यायचं नाही, ही दफ्तरदारांकडची पूर्वापार रीत. वाड्यात राहत होते तेव्हा ते पाणी तांब्यात धरून तुळशीत ओतत. कॉलनीत घर बांधलं तेव्हा शांताताईंचे यजमान, तात्या, जे बांधकाम खात्यात इंजिनियर होते, त्यांनी देवघराच्या ताम्हनाखालून भिंतीत एक जस्ती पाइप घातला आणि तो थेट खाली तुळशीच्या कुंडीवर काढला. अभिषेक वर होई आणि तीर्थ खाली तुळशीला मिळे. अख्ख्या घरात ही एकच नळी अशी होती की जिला कुणी कधी मोरी म्हटलं नव्हतं, जिच्यात कुणी कधी ब्रश घातला नव्हता. श्रावणात ताई रोज दूध, दही, तूप, मध, साखरेचा अभिषेक करत. त्यातलं किती तुळशीपर्यंत पोचत होतं आणि किती मधल्या वळणात चिकटून बसत होतं, हा विचार कुणाच्या मनाला शिवला नव्हता. विजयाबाईंच्याही नाही! घरातली प्रत्येक जाळी उचकटून झाली, पण जिच्यासमोर त्या रोज हात जोडून उभ्या राहत, ती नळी त्यांच्या हिशेबातच नव्हती. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

खात्री करायला हवी होती. ताईंची पूजा आटोपल्यावर त्यांनी नळीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली. संध्याकाळी पिशवी आतून राखाडी झाली होती.

पिशवीला गाठ मारून ती पदराखाली धरून त्या जिना चढल्या. बरण्या वाचल्या, या आनंदात त्यांना जिन्याच्या पायऱ्याही जाणवल्या नाहीत. वर शांताताईंची धाकटी बहीण शालिनीताई त्याच दुपारी पुण्याहून आली होती आणि दोघी बहिणी देवघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. शालिनीताई माश्यांना वारत होत्या. शांताताई बहिणीला घर दाखवत होत्या, बसल्या जागेवरून, बोटानं.

"आणि ही नळी," ताई म्हणत होत्या, "यांनी स्वतः बसवली. मिस्त्रीला हात लावू दिला नाही. म्हणाले, देवाचं पाणी आहे, मीच करतो. हे गेल्यापासून सांगते तुला शालू, या घरात मला कुणाचंच काही नको वाटतं. पण सकाळी पाणी आत उतरताना घळघळतं ना, तेवढं ऐकलं की वाटतं, आहेत इथेच."

विजयाबाई दारात थबकल्या.

"काय हो विजयाबाई? काही काम होतं?"

"नाही ताई." पदराखाली पिशवी हलत होती. "शालिनीताई आल्या ऐकलं, म्हटलं भेटून यावं."

खाली आल्यावर त्यांनी पिशवी कचऱ्याच्या डब्यात तळाशी दडपली आणि पलंगावर बसून राहिल्या. अंबरीशला एकट्याला गाठून सांगावं? तो आईवरच्या मायेपोटी दुसऱ्याच दिवशी प्लंबर आणील, जुना पाइप उखडून प्लॅस्टिकचा बसवील आणि आपण फार चांगलं काम केलं असं समजेल. तन्वीला सांगणं म्हणजे अंबरीशलाच सांगणं. आणि ताईंना? ऐंशी वर्षांच्या बाईला, तिच्या ओवाळणीच्या आठवड्यात, पुण्याच्या बहिणीसमोर सांगायचं की तुमच्या देवाच्या पाण्यात अळ्या झाल्यात? विजयाबाईंना कुणाच्या तोंडावर काहीही सांगता येत असे, पण हे नाही.

मग एकच उरलं, गुपचूप साफ करणं. दुसऱ्या दिवशी दुपारी वरची मंडळी वामकुक्षीला लवंडल्यावर त्यांनी बाटली धुवायचा ब्रश एका लांब तारेला बांधला आणि तुळशीपाशी उकिडवं बसून तो नळीत खालून वर घातला. काळा चिकट गाळ थोडा सुटला, पण ब्रश वळणाशी जाऊन अडकला. कितीही ढोसलं तरी पुढे जाईना. वरून आधण पाणी सोडल्याशिवाय ते निघणार नव्हतं, आणि वर देवघर होतं. विजयाबाईंनी ब्रश धुऊन ठेवला. त्या वेळी मागच्या गॅलरीत शांताताई उभ्या होत्या हे त्यांना दिसलं नाही. ताईंना दुपारी झोप लागत नसे.

दुसऱ्या सकाळी विजयाबाईंनी शब्द दिल्याप्रमाणे स्वतः ठेला बोलावला.

दोन हमाल आले. अंबरीश ऑफिसचे कपडे घालून मदतीला उभा राहिला, तन्वी उभी राहिली, शालिनीताई गंमत बघायला मागच्या अंगणातून फिरत फिरत आल्या. विजयाबाई हमालांवर ओरडत होत्या, "सीधी पकड़ो भैया, सीधी, तिरछी मत करो!" पहिली बरणी ठेल्याच्या कडेला टेकताना कलली. आतून डुचमळल्याचा आवाज आला. विजयाबाईंनी फडक्याखाली बघितलंच नाही. दुसरी उचलताना त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि पदराच्या टोकानं नाक पुसलं. सासूबाई गेल्या तेव्हाही त्या चारचौघांत रडल्या नव्हत्या.

"विजयाबाई!"

सगळ्यांनी वर पाहिलं. गॅलरीत शांताताई उभ्या होत्या, पूजा नुकतीच आटोपलेली, अंगावर सोवळं.

"काल तुळशीपाशी तार घेऊन काय करत होतात?"

"काही नाही ताई. पालापाचोळा अडकला होता."

"नळीत पाला कुठून येईल? वरून मी फक्त देवाचं पाणी सोडते."

विजयाबाईंना खोटं बोलायची सवय नव्हती आणि एकच खोटं तयार करून ठेवलं होतं, ते संपलं. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, ठेल्यावरच्या बरण्यांकडे पाहिलं, आणि आत निघून गेल्या. हमालांनी निवांत एकेक बिडी ओढली आणि मग तिसऱ्या बरणीला हात घातला.

देवघराला लागून नैवेद्याची छोटी शेगडी होती. तिच्यावर ताईंनी पातेलंभर पाणी उकळलं, हे खालच्यांना नंतर कळलं. आधी फक्त आवाज आला. नळी घळघळली नाही, घुसमटली, आणि तिच्या तोंडातून वाफ बाहेर पडली. "अगं बाई, तुळस!" म्हणत विजयाबाई मागच्या अंगणात धावल्या आणि दोन्ही हातांनी कुंडी ओढून बाजूला केली. त्या मागे सरतात न सरतात तोच, आदल्या दिवशी ब्रशनं सैल झालेला तो सगळा काळा गोळा भदकन फरशीवर पडला. त्यातून आठ-दहा घोंगडीवाल्या भेलकांडत उडाल्या. बाकीच्यांना उडायचं भान राहिलं नव्हतं.

मागोमाग आलेल्या शालिनीताईंनी नाकाला पदर लावला. तन्वीच्या तोंडून "हे भगवान" निघालं. अंबरीश खाली वाकला, गोळ्याकडे बघितलं, मग भिंतीतून वर जाणाऱ्या पाइपकडे, आणि मग व्हरांड्याकडे.

शांताताई कठड्याला धरून जिना उतरल्या. सोवळ्यात खाली आलं की पुन्हा आंघोळ करावी लागते, पण त्या आल्या. फरशीवरची ती घाण त्यांनी वाकून पाहिली.

"श्रावणभर मीच ओतत होते," त्या म्हणाल्या. मग विजयाबाईंकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"परवा वर आलात, तेव्हाही?"

"हो ताई."

"मग बोलला का नाहीत? बरण्या चालल्या होत्या तुमच्या. तुमच्या सासूबाईंच्या हातचं आहे ना ते?"

"काय बोलू?" विजयाबाईंचा आवाज चढला आणि फाटला. "सिरक्याचं काय, नसता झाला तर बाजारातला खाल्ला असता. पण मी बोलले असते तर या तुमच्या लेकानं प्लंबर आणून नळी उखडली असती. आणि मग ती पुन्हा बसवायला तात्यांना कुठून आणलं असतं आपण?"

अंबरीशनं मान खाली घातली, कारण त्यानं खरोखर तेच केलं असतं. शालिनीताई पदर नाकावरून काढून डोळ्यांना लावत होत्या. शांताताईंनी हात पुढे करून विजयाबाईंचा जांभळा पडलेला हात धरला. सोवळ्यात त्यांनी कुणाला शिवलेलं तन्वीनं लग्न होऊन या घरात आल्यापासून बघितलं नव्हतं.

"अंबरीश, ठेल्यावरच्या बरण्या उतरव," ताई म्हणाल्या. "बाकीच्या जिथे आहेत तिथेच राहू देत. पाहुण्यांनी विचारलं तर सांग, सिरका आहे." मग हात न सोडता म्हणाल्या, "आणि विजया, तू आंघोळ करून वर ये. माझं दुसरं सोवळं देते. आतून ती नळी मला एकटीला नाही घासता यायची."

"ताई, देवघरात?" शालिनीताईंच्या तोंडून निघून गेलं.

"मग काय, नळी बाहेर आणून घासू?"

ठेल्यावरच्या दोन्ही बरण्यांतली साय फाटली होती. ती काही परत जुळणारी नव्हती. पण हमालांच्या हातात राहिलेली तिसरी आणि तिच्यामागच्या सगळ्या शाबूत होत्या, आणि पुढच्या वर्षाला एका बरणीतला एक तुकडा पुरतो. विजयाबाई धावतच न्हाणीघरात शिरल्या. बादलीत पाणी पडायला लागलं, आणि त्या पाण्याच्या आवाजावर मात करत त्यांचा आवाज मागच्या गल्लीपर्यंत गेला.

"अंबरीश, ती तिसरी त्या हमालाच्या हातातून आधी घे! तू स्वतः घे! झोपलेलं मूल उचलतोस तशी उचल, जागं होता कामा नये!"

अंबरीशनं ऑफिसच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सरसावल्या, बरणी पोटाशी धरली आणि श्वास रोखून एकेक पाऊल टाकत ती परत व्हरांड्यात नेऊन ठेवली.